नंदीच्या जागी

थोरलीनं क्लॅरिनेटवाल्यांची कवळी पहिल्याच खेपेला चावण्यापुरती करून दिली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण 'चालतंय की' म्हणून एखादं काम हातावेगळं करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. कवळी तोंडात बसली, घास चावता आला, हसताना खाली पडली नाही, म्हणजे काम झालं, असं वरचे डॉक्टर म्हणायचे. थोरली म्हणायची, "ते तुमचं झालं. माझं व्हायचंय अजून."

वरचे डॉक्टर म्हणजे वरच्या मजल्यावरचे. त्यांचा दातांचा दवाखाना वर, आणि खाली रस्त्याच्या अंगाला या दोघी बहिणींचं दुकान. डॉक्टर हिरड्यांचा ठसा घेऊन खाली पाठवत. थोरली त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायची, मेणात एकेक दात मांडायची, मग गुलाबी कवळी घडवून ती पॉलिशच्या मोटारीवर घासून घासून अशी लख्ख करायची, की ओठांना टोचायला कुठे कोपरा म्हणून सापडू नये. धाकटी पुढे काउंटरवर. माणसांशी बोलायचं खातं तिचं, आणि दातांशी बोलायचं थोरलीचं. दुकानाच्या मागे दोन खोल्या, एक स्वयंपाकाची, एक निजायची. आधी थोरलीचं होऊ दे म्हणून धाकटीचं लग्न राहिलं, आणि थोरलीचं का राहिलं ते आता थोरलीलाही धड आठवत नव्हतं. धाकटीनं पन्नाशी ओलांडली होती, अंगानंही चांगली भरली होती, तरी थोरली तिला अजून 'चिमी' म्हणायची.

क्लॅरिनेटवाले हे बँडमधून निवृत्त झालेले विधुर गृहस्थ. बोलायला गरीब, कपड्यांना इस्त्री. पुढचे दात गेले तसं त्यांचं वाद्य पेटीत गेलं, कारण क्लॅरिनेटची चोच वरच्या दातांवर टेकते. त्यांना दात चावायला नको होते, फुंकायला हवे होते. थोरलीला असलं आव्हान म्हणजे पर्वणीच. पहिल्या खेपेला पहिल्याच सुराबरोबर कवळी निसटली आणि वाद्याला चिकटून बाहेर आली. दुसऱ्या खेपेला ती जागेवर राहिली, पण सूर असा निघाला की वरच्या मजल्यावरचा रोगी खुर्चीतून उठून बसला. थोरलीनं मागची कड पुन्हा बांधली, पुढचे दात केसभर आत घेतले, पुन्हा खरवडलं, पुन्हा बोलावलं. ती आत खरवडत बसायची आणि बाहेर क्लॅरिनेटवाले स्टुलावर, बोळक्या तोंडावर रुमाल धरून, धाकटीशी बोलत बसायचे. बोळक्या तोंडानं माणूस खोटं फारसं बोलू शकत नाही. धाकटीला ते आवडले.

अखेर एका दुपारी त्यांनी दुकानात उभं राहून अख्खी धून वाजवली. रस्त्यावरची माणसं थांबली. थोरली हात पुसत बाहेर आली, आपल्या कामावर खूश होऊन, आणि तिनं पाहिलं की गृहस्थ वाजवताना ना तिच्याकडे बघताहेत, ना रस्त्याकडे. ते धाकटीकडे बघत होते. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की थोरलीनं तो धोंडा आधी छान पॉलिश करून घेतला होता.

पुढं जे व्हायचं तेच झालं. क्लॅरिनेटवाल्यांना दूरच्या एका शहरात, संगीताच्या शाळेत मुलांना शिकवायचं काम मिळालं, राहायला जागाही मिळाली, आणि त्यांनी धाकटीला सरळ विचारलं, "याल का बरोबर? रीतसर लग्न करून." धाकटी म्हणाली, "ताईला विचारून सांगते." तिनं ताईला विचारलं. ताई म्हणाली, "तुझं तू बघ."

आता हे 'तुझं तू बघ' ज्यानं कुणी काढलं, त्याचा एकदा सत्कार करायला हवा. त्यात होकार नाही, नकार नाही, आणि म्हणणाऱ्याला दोष तर बिलकूलच नाही. ऐकणारा मात्र आहे तिथं रुतून बसतो. धाकटीनं सकाळी विचारलं, जेवताना विचारलं, कपडे वाळत घालता घालता विचारलं. दर वेळी तेच उत्तर. "लोक काय म्हणतील त्याचं वाटतं का तुला?" असंही एकदा विचारून झालं. थोरली म्हणाली, "हसतील त्यांचे दात दिसतील." आणि हे तिनं म्हणावं यात गंमत होती, कारण त्या भागात जे दात दिसले असते त्यांतले निम्मे तिनंच केलेले होते.

लोकांचं तिला काही नव्हतं. खरी गोष्ट अशी होती, की थोरलीला भीती वाटत होती. रात्री दिवा मालवला की धाकटी अंधारात दिवसभराच्या गोष्टी सांगायची. कोण आलं होतं, कुणाची सून कशी बोलली, कोण कवळी खिशात ठेवून विसरला आणि तिच्यावरच बसला. थोरली आपल्या अंथरुणातून नुसतं 'हं' म्हणायची. तेवढंच तिचं जगाशी बोलणं. धाकटी गेली, तर त्या खोलीत अंधार तेवढा राहणार होता आणि 'हं' कुणाला म्हणायचं हा प्रश्न. लहान मुलाला वाटते तशी साधी, पोटातून येणारी भीती होती ती. पण या वयात 'जाऊ नकोस गं' म्हणायची लाज, आणि 'जा' म्हणायला छाती नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून आपलं तुझं तू बघ.

क्लॅरिनेटवाल्यांना निघायच्या आधी उत्तर हवं होतं, आणि ते द्यायचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळी धाकटीनं दुकानाचं शटर उघडलंच नाही. म्हणाली, "ताई, आज आपण त्या जुन्या देवळात जाऊन येऊ."

"आजच काय देव आठवला?"

"आठवला."

चोराच्या मनात चांदणं. थोरली देवदेव करणारी नव्हती, पण त्या महादेवाबद्दल तिनं ऐकलं होतं, की फार जुना आहे आणि मागितलेलं ऐकतो. ती मुकाट्यानं निघाली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून सगळी वाट ती मनात एकच वाक्य घोळवत होती. चिमी जाऊ नये. देवा, चिमी जाऊ नये. देवानंच परस्पर काहीतरी करावं आणि आपल्या अंगाला काही लागू नये, अशी तिची व्यवस्था होती.

बसच्या शेवटच्या थांब्यापासून थोडं चढून गेलं की देऊळ. काळ्या दगडाचं, ठेंगणं, माणसानं वाकूनच आत शिरावं असं. पायऱ्या मधोमध झिजून वापरलेल्या साबणासारख्या झालेल्या. बाहेरच्या भिंतीवर सिंहांची रांग कोरलेली होती, आणि ऊनपाण्यानं त्यांचे जबडे पार गुळगुळीत झाले होते. थोरलीनं सवयीनं एकाच्या तोंडात बोट घालून पाहिलं. "खालचे सगळे गेलेत," ती म्हणाली. धाकटी हसली नाही.

आत थंडगार काळोख होता, तेलाचा आणि वटवाघळांचा वास होता. गाभाऱ्यासमोर, जिथं कुठल्याही महादेवाच्या देवळात नंदी बसलेला असतो, तिथं नुसता रिकामा चौथरा होता. चौथरा मात्र हजारो माणसांनी बसून बसून चकचकीत केलेला. एक म्हातारी दिव्यांत तेल घालत फिरत होती. एका खांबाला टेकून एक धिप्पाड माणूस एकटाच बसला होता.

"नंदी कुठाय?" थोरलीनं विचारलं.

"उठून गेला," दिवेवाली म्हणाली. जसं काही तो आत्ताच चहा प्यायला गेला होता. "पहिल्यांदाच आलात वाटतं? लोक यायचे, नंदीच्या कानात सांगायचे, मला हे दे, मला ते दे. नंदी ते देवाला पोचवायचा. ऐकून ऐकून बिचाऱ्याचे कान किटले. एक दिवस उठला आणि गेला. तेव्हापासून इथं माणसानंच माणसाचा नंदी व्हायचं. एकानं चौथऱ्यावर बसायचं, दुसऱ्यानं त्याच्या कानात मागणं सांगायचं. मग नंदीनं उठायचं, आत जायचं आणि देवाला ते मोठ्यानं सांगायचं. कुजबुजून नाही चालत, देव म्हातारा आहे. मग जागा बदलायची. ज्याचं नेलं त्यानं तुमचं न्यायचं. फेड राहिली तर दोघांचंही पोचत नाही."

"आणि आपलं आपण मागितलं तर?"

"स्वतःसाठी इथं कुणीच मागत नाही. तेवढं ऐकूनच तर तो गेला ना!" म्हातारीनं खांबाकडं बोट केलं. "हे बघा, हे सकाळपासून बसलेत. येणारा जो तो आपली जोडी घेऊन येतो. एकट्याला नंदी कुठून मिळायचा? आणि माझा नाही चालत. मी रोजची, माझा आवाज देवाच्या डोक्यात जातो."

खांबाजवळचा माणूस ओशाळून हसला. थोरलीचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. बसमध्ये घोळवलेलं ते वाक्य तिला आता चिमीच्याच कानात सांगायचं होतं.

"तू मोठी. आधी तुझं," म्हणून धाकटी चौथऱ्यावर जाऊन बसलीसुद्धा, गुडघ्यांवर हात ठेवून, शहाण्या मुलीसारखी.

थोरली वाकली. धाकटीचा कान तिच्या तोंडाशी आला. कानामागचे केस पिकलेले होते, कलप तिथपर्यंत पोचला नव्हता. साबणाचा वास येत होता, दोघींच्या एकाच वडीचा. इतक्या जवळून थोरलीनं तिला ती एकदा तापात पडली होती तेव्हापासून पाहिलं नव्हतं. वाक्य ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. ती म्हणाली, "धंदा नीट चालू दे."

धाकटी क्षणभर तशीच बसून राहिली, आणखी काही येईल म्हणून. मग उठली, वाकून गाभाऱ्यात गेली, आणि आतून तिचा आवाज आला. वरच्या घुमटानं तो उचलून सगळ्या देवळात फिरवला. "देवा, बाहेर बसलीय तिचं मागणं आहे. तिचा धंदा नीट चालू दे."

दिवेवालीनं वात तेवढी जरा जोरात पुढं सारली.

मग जागा बदलल्या. थोरली चौथऱ्यावर बसली. दगडाचा गारवा लुगड्यातून वर चढला. धाकटीनं तिच्या कानाभोवती हाताची ओंजळ केली. तिचा श्वास आधी आला, शब्द मागाहून.

"माझ्या ताईनं मला तोंडानं 'जा' म्हणावं. तुझं तू बघ नको. जा म्हणावं. नाही म्हणाली तर मी राहीन. कुरकुर करणार नाही, कधी बोलूनही दाखवणार नाही. पण म्हणाली, तर मी जाईन."

थोरलीनं मान वळवली, तर दिवेवालीनं दुरूनच बोट ओठांवर ठेवलं. नंदीला जीभ नसते. तो आत जाईपर्यंत बोलत नाही. थोरली उठली.

गाभारा अगदी लहान होता. दोन पायऱ्या खाली उतरून जायचं. पिंडीवर ठिबकणारं पाणी, एक दिवा, आणि ओल. मागं कुणी नाही, पुढं दगडाचा देव. तिनं हात जोडले आणि तिच्या चटकन लक्षात आलं, की आपण जिंकलोय. काही करायचंच नाही. नंदीनं निरोप पोचवायचा, शब्दाला शब्द, आणि बाहेर येऊन गप्प बसायचं. पुढं देव जाणे आणि ती ताई जाणे. ती 'जा' म्हणाली नाही, तर चिमी राहील, कुरकुर न करता. आणि चिमी शब्दाची पक्की होती. खोली तशीच राहील, दोन अंथरुणं तशीच राहतील. आज रात्री दिवा मालवला की ती बोलायला लागेल. की नाही लागणार?

तिथं थोरली अडली. चिमी कुरकुर करणार नाही, हे तिला माहीत होतं. पण कुरकुर न करणारी चिमी अंधारात पडल्या पडल्या काय सांगणार होती, ते तिला दिसेना. काउंटरवर ती बसेल, वरून आलेले ठसे घेईल, पावत्या फाडेल. क्लॅरिनेटवाल्यांचं नाव निघणार नाही. ते न निघालेलं नाव रोज दोघींच्या मध्ये झोपेल. आणि आता, या घडीला, बाहेर ती गुडघ्यांवर हात ठेवून बसली असेल, आयुष्यभर बसली तशी. ताईचं खरवडून होईपर्यंत बाहेर थांबायचं, हेच तर केलं तिनं जन्मभर.

"देवा," थोरली म्हणाली, आणि आपलाच आवाज घुमटात ऐकून दचकली. "देवा, बाहेर बसलीय तिचं मागणं आहे. तिच्या ताईनं तिला..."

पिंडीवर पाणी ठिबकत होतं, त्याला घाई नव्हती.

"जा, चिमे," ती म्हणाली. देवाला नाही, भिंतीला नाही, बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं. "जा तू. मी म्हणतेय ना, जा."

घुमटानं ते घेतलं आणि बाहेर नेलं. थोरली पायऱ्या चढून वर आली तेव्हा धाकटी रडत होती आणि हसत होती, आणि तिनं थोरलीला अशी मिठी मारली की थोरलीचा चष्मा वाकडा झाला.

"म्हणालीस गं. म्हणालीस!"

"तू तरी काय, देवाला मध्ये घालायचं होतं का एवढ्यासाठी?"

"घरी तू म्हणाली असतीस?"

थोरलीनं चष्मा सरळ केला. धाकटीनं पिशवीतून फोन काढला, डोळ्यांसमोर धरला, हलवला. त्या दगडांत फोन लागणं शक्यच नव्हतं. "मी खाली पायऱ्यांवर जाऊन लावते. वाट बघत असतील ते." आणि एवढी मोठी बाई लहान पोरीसारखी पळत गेली.

थोरली चौथऱ्याच्या कडेला टेकली. चांगलं काम केल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. ते खोटं आहे. तिला नुसतं रिकामं वाटत होतं, दात काढल्यावर हिरडीत राहते तेवढी जागा छातीत झाली होती, आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जावी तसं मन तिथंच जात होतं. पुढचे दिवस कसे जातील हे तिला स्पष्ट दिसत होतं. सकाळी आपणच शटर उघडायचं, आपणच आत यायचं.

"बाई." खांबाजवळचा तो धिप्पाड माणूस उठून उभा होता. हळू बोलायची त्याला सवय नसावी. हळू बोलण्याचा प्रयत्न त्याच्या मानेवर दिसत होता. "माझा नंदी व्हाल का? क्रेन चालवतो मी, रजा एकच दिवसाची आहे. दिवस असाच जाईल."

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. थोरली सरकून नीट बसली. क्रेनवाला वाकला. हातांना ग्रीसचा वास होता. "माझ्या शेजारची खोली रिकामी पडलीय," तो तिच्या कानात म्हणाला. "तिथं कुणीतरी राहायला येऊ दे. भांडखोर असलं तरी चालेल. भिंतीपलीकडं भांडी वाजली पाहिजेत."

थोरलीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. आत गेली, आणि यातला एक शब्दही न गाळता देवाला सांगितलं, भांड्यांसकट. या वेळी आवाज अडला नाही. परक्याचं दुःख बोलायला सोपं असतं.

ती बाहेर आली, तर क्रेनवाला चौथऱ्यावर बसून तयार. "आता तुमचं सांगा."

"माझं झालंय मघाशी."

"ते धंद्याचं का?" दिवेवाली आता मात्र राहवेना म्हणून बोललीच. "ते बहिणीनं नेलं, तो हिशेब बहिणीशी मिटला. यांचं तुम्ही आत्ता नेलंत, यांनी तुमचं न्यायलाच हवं. नाहीतर यांची खोली रिकामीच राहील हो."

क्रेनवाल्यानं थोरलीकडं अशा केविलवाण्या नजरेनं पाहिलं, की ती वाकली. त्याच्या कानात केस होते, मानेवर घाम होता. तो तिचा कुणी नव्हता. उद्या तो कुठं असेल ते तिला माहीत नव्हतं, आणि ती कोण हे त्याला माहीत नव्हतं. सगळ्या वाटेत घोळवलेलं वाक्य इतक्या सहज बाहेर आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"माझी बहीण मला सोडून जातेय. ती जाऊ नये." आणि मग, एवढं सांगितलंच आहे तर, म्हणून: "मला एकटीला भीती वाटते."

क्रेनवाल्यानं गंभीरपणे मान डोलावली आणि तो आत गेला. आता हा माणूस दिवसभर उंचावरच्या पेटीत बसून खालच्या माणसांना ओरडून सांगणारा. त्याच्या गळ्याला दुसरं माप ठाऊक नव्हतं, आणि देव म्हातारा आहे हे त्यानं मनावर घेतलं होतं.

"देवा! बाहेर बसलीय तिचं मागणं आहे! तिची बहीण तिला सोडून चाललीय! ती जाऊ नये! तिला एकटीला भीती वाटते!"

घुमट दणाणला. वटवाघळं उठली आणि गरागरा फिरली. थोरलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, जणू ओरडली तीच होती. हात काढले, तर दारात धाकटी उभी होती, हातात फोन, उन्हात लाल झालेली. तिनं फोन लावला नव्हता. ताई शेजारी असतानाच सांगावं, म्हणून ती तिला न्यायला परत आली होती.

क्रेनवाला गाभाऱ्यातून काम फत्ते झाल्याच्या समाधानात बाहेर आला, दोघींना पाहिलं, आणि काय ते समजून पुन्हा आपल्या खांबाकडं गेला. दिवेवाली दुसऱ्याच दिव्याकडं वळली.

"ताई," धाकटी म्हणाली. "मी त्यांना नाही म्हणून कळवते."

"काही कळवायचं नाही."

"मी ऐकलं सगळं."

"ऐकलंस तर ऐकलंस. ते मी देवाजवळ मागितलंय, तुझ्याजवळ नाही मागितलं."

"पण मग खरं कुठलं? ते, की आत जाऊन मला जा म्हणालीस ते?"

"दोन्ही खरं," थोरली म्हणाली. "भीती वाटते हे खरं. आणि जा म्हटलं तेही खरं. भीती वाटत नसती तर जा म्हणायला काय लागलं असतं? तुझं मागणं तुला मिळालं. माझं त्याच्याकडं गेलंय, त्याला ऐकायचं तर ऐकू दे. पण तू ऐकू नकोस, चिमे. तू नको ऐकूस."

थोरलीनं तिचा दंड धरला, बाहेर आणलं आणि खालच्या पायरीवर, जिथं फोन लागत होता तिथं, स्वतः शेजारी बसून तिला बसवलं. धाकटीकडून नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा थोरलीनं तो एकेक आकडा सांगितला. इतक्या वेळा कवळीसाठी बोलावणं पाठवलं होतं, तो तिला पाठच होता.

पलीकडून आवाज आला. धाकटी रडत होती, पण रडता रडता तिनं "हो" म्हटलं, आणि पलीकडच्याला नीट ऐकू आलं नसावं, म्हणून पुन्हा एकदा मोठ्यानं म्हटलं. थोरलीनं ते दोन्ही वेळा ऐकलं. देवानं आपलं मागणं मोडीत काढलं, हे तिला तिथल्या तिथं समजलं. "बरं केलंस," ती त्याला म्हणाली, आणि धाकटी फोनवर बोलतेय तोवर तिनं रडून घेतलं.